सहा महिन्यांत पाच बल्ब

पहिला बल्ब गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं. अप्पा चार दिवसांपासून तोंड मिटून बसले होते, आणि गाडीचं काही बिघडलं की ते माणसात येतात हा माझा लहानपणापासूनचा अनुभव.

अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याची कामगारांची बस त्यांनी जवळजवळ तीस वर्षं चालवली आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या सायकलीलाही धक्का लावला नाही. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की अर्ध्यावर आले की आईच ते पूर्ण करून टाकायची. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. कपड्यांची एक बॅग आणि बावीस वर्षांची पांढरी गाडी, एवढाच त्यांचा संसार. माझा नवरा पुण्यात नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा येतो. माझं ऑफिस सहाला सुटतं. तेव्हा साडेचारला शाळेतून माझ्या मुलीला आणायचं काम आपोआप अप्पांकडे आलं. ती नऊ वर्षांची, चौथीत. शाळा होटगी रोडकडे, वाटेत दोन सिग्नल आणि एक मोठा चौक.

त्या तासाभरावर अप्पा जगत होते, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही. तीन वाजल्यापासून त्यांची तयारी सुरू व्हायची. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती रुमालानं पुसायची, चारही टायरवर एकेक बुक्की मारायची. मग चपला पायरीवर काढून अनवाणी गाडीत बसायचं. चपला घालून गाडी चालवणारा त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. "पॅडल पायाला कळाय पायजे," ते म्हणायचे, "चपलंला कळून काय उपेग?" येताना नात पुढच्या सीटवर, पट्टा लावून. दोघांची काय खलबतं चालत, मला कधीच कळलं नाही.

त्या गाडीत सहा महिने काय चाललं होतं हे आता मला माहीत आहे. पण क्रमानंच सांगते.

गणपती उठले त्या आठवड्यात एका रिक्षावाल्यानं अप्पांना हटकलं, "मामा, उजवा ब्रेकलाइट गेलाय तुमचा." संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर अप्पा डिकी उघडून वाट बघत बसलेले. माझ्या हातात नवा बल्ब दिला आणि म्हणाले, "तू बसव. शिकून ठिव. माज्या बोटाला आता बारीक काम हुईना." मी शिकले. डिकीतल्या गालिच्याची कड बाजूला सारायची, आत हात घालून होल्डर डावीकडे पिळायचा, तो हातात येतो. बल्ब थोडा दाबून फिरवला की सुटतो. त्याच्या बुडाला दोन खुंट्या असतात, एक वर, एक खाली, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. एकाच काचेत दोन तारा. एक मंद, रस्त्यावर आपण आहोत एवढं सांगणारी. दुसरी लख्ख, आपण थांबतोय हे सांगणारी. जळालेला बल्ब अप्पांनी कानाशी धरून हलवला आणि मला ऐकवला. आत तुटकी तार किणकिणत होती.

मग त्यांनी तपासण्याची त्यांची रीत दाखवली. कारखान्याच्या बसवर त्यांच्यासोबत कुणी नसायचं, तेव्हापासूनची. गाडी उलटी घेऊन कंपाउंडच्या भिंतीला लावायची, ब्रेक दाबायचा आणि आरशात बघायचं. भिंतीवर दोन लाल डाग दिसले की झालं. "माणूस लागत न्हाय," ते म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दिवाळीनंतर डावा गेला. ठीक आहे, जोडीतला होता, जायचाच. नाताळच्या सुट्टीआधी पुन्हा उजवा गेला, तोच, मी बसवलेला. मी दुकानदाराच्या नावानं खडे फोडले. भंगार माल विकतात, दुसरं काय! दुसऱ्या दुकानातून चांगल्यातला आणला. अप्पांना म्हटलं, "बघा आता, हा दोन वर्षं हलत नाही." अप्पा हसले नाहीत. ते बल्ब बसवताना माझ्या हाताकडे बघायचे सोडून गेटकडे बघत होते, एवढं मला आठवतं.

त्याच दिवसांत आणखी दोन-तीन गोष्टी घडत होत्या. एकेक वेगळी घेतली तर कुठल्याच गोष्टीत काही नव्हतं.

एक म्हणजे वास. गाडी घरी आली की पुढच्या चाकांजवळ काहीतरी करपल्यासारखा वास यायचा. मी विचारलं तर अप्पा म्हणायचे, "रोडवरचा ट्रकाचा वास हाय त्यो, चिकटून आलाय." मी मान डोलवली. वास चिकटून येतो का, हा प्रश्न मला पडला नाही.

दुसरं, गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. एका रविवारी आम्ही तिघं भाजी आणायला गेलो होतो. मी मागच्या सीटवर पिशव्या घेऊन. जाताना पहिल्या सिग्नलला गाडी धक्का खाऊन बंद पडली, दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तेच, आणि येताना चौकात आमच्या मागे हॉर्नचा नुसता गदारोळ झाला. अप्पांच्या मानेवर घाम होता. माझी मुलगी मात्र पुढे बसून शांतपणे म्हणाली, "होतं असं, मम्मी. परत चालू होते." तिला सवय झाली होती. मी म्हटलं, "म्हातारी झाली गाडी." अप्पा म्हणाले, "व्हय, गाडीच म्हातारी झाली."

आणि तिसरी गोष्ट अशी, की ती आठवली की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे ऊन कसं असतं हे सोलापूरकराला सांगायला नको. अंगणातली शहाबादी फरशी दुपारी तव्यासारखी तापते. एका शनिवारी मी घरी होते. अप्पा अनवाणी गाडीतून उतरले आणि गेटापासून पायरीपर्यंत रमतगमत चालत आले. माझी मुलगी त्यांच्या मागून बूट घालूनसुद्धा उड्या मारत आली. मी हसून म्हटलं, "अप्पा, तुमचा पाय आहे का गेंड्याचं कातडं?" तेही हसले. दोन दिवसांनी त्यांच्या उजव्या तळव्याला केवढातरी फोड दिसला. कशानं आला, तर म्हणे, ठाऊक नाही. अप्पांना बारा वर्षांपासून साखर आहे. पायाला मुंग्या येतात हे ते पूर्वी सांगायचे. अलीकडे सांगत नव्हते, तर मला वाटलं, थांबल्या असतील.

चौथा बल्ब जानेवारीतच गेला होता, चांगल्यातला होता तोच. तेव्हा मी हट्टानं अप्पांना घेऊन विजापूर वेशीजवळच्या मिस्त्रीकडे गेले. गाडीच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस अप्पांच्या ओळखीचा, अप्पांहून दहाएक वर्षांनी लहान. त्यानं फ्यूज पाहिला, अर्थिंग पाहिलं, सगळी वायर हातानं चाचपत पुढपर्यंत गेला. मग लाल काच खोलून उन्हात धरली. आतून प्लास्टिक बल्बच्या जागी फुगलं होतं, दुधावर साय धरावी तसं.

"ताई, वायरिंग एकदम ठीक हाय," तो म्हणाला. "बल्ब पण चांगला हुता. ह्यो जास्ती करंटनं जळाला न्हाय. लई वेळ पेटत राहिला म्हणून संपला." मग अप्पांकडे वळून जरा आवाज खाली घेऊन म्हणाला, "मामा, राग नका मानू. ब्रेकवर पाय ठिवून चालवता काय तुमी?"

अप्पा रस्त्यावरून जाणाऱ्या एका टेम्पोकडे बघत राहिले. बोलले ते मीच. "तीस वर्षं बस चालवलीय त्यांनी. शिकाऊ वाटले का तुम्हाला?" असं म्हणाले, आणि आणखीही बरंच म्हणाले. माझी जीभ अशा वेळी सुटते. मिस्त्रीनं दोन्ही हात वर केले. "माफी, ताई. मग स्विच खराब असंल." त्यानं पॅडलजवळचा ब्रेकचा स्विच बदलून दिला. अप्पा गाडीत बसताना त्याच्याकडे बघून ओशाळं हसले. मला वाटलं, माझ्या तोंडाळपणाबद्दल असेल.

मार्चमध्ये शाळेत पालकांची बैठक होती. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाची आई पायऱ्यांवर माझ्याजवळ आली. ती त्याच रस्त्यानं स्कूटरवरून येते. चांगली बाई, बोलताना अवघडली होती. "तुमच्या वडिलांच्या गाडीचे मागचे लाल दिवे सारखे लागलेलेच असतात हो. मला वाटतं थांबतायत, म्हणून मी थांबते, तर ते आपले चाललेले. मग मी त्या दिव्यांकडे बघायचंच सोडलं. परवा ते खरंच थांबले, आणि मी आदळता आदळता राहिले. माझा मुलगा मागे होता."

मी तिची माफी मागितली. स्विच पुन्हा गेला, मिस्त्रीनं जुनाच माल घातला असणार, असं मनाशी ठरवलं. त्या बाईनं तिच्या मुलाबद्दल सांगितलं होतं आणि मी मात्र माझ्या मुलीचा विचार करत होते. ती त्या गाडीत पुढे बसते.

घरी आल्यावर पाहिलं, तर उजवा बल्ब पुन्हा गेलेला. पाचवा.

रविवारी पाच वाजता मी डिकी उघडली. मुलीला सहाला मैत्रिणीच्या वाढदिवसाला सोडायचं होतं, ती आत नवा फ्रॉक घालत होती. मी बल्ब बसवला. ऊन अजून कडक होतं, भिंतीवर काही दिसलं नसतं, म्हणून म्हटलं, "अप्पा, तुम्ही आत बसा. मी मागे उभी राहून बघते." ते लगेच उठले नाहीत. "ऱ्हाऊ दे की, सांजच्याला मी बघतो भितीवर," म्हणाले. मी ऐकलं नाही.

ते बसले. इंजिन बंदच होतं. "दाबा," मी म्हटलं. दोन्ही दिवे लख्ख लागले. "सोडा." दिवे तसेच.

"अप्पा, सोडा म्हटलं."

"सोडला की."

स्विचच, दुसरं काय, असं पुटपुटत मी पुढे गेले. त्यांच्या बाजूचं दार उघडंच होतं. मी वाकून पाहिलं. उजवा पाय खाली चटईवर होता. ब्रेकवर डावा पाय होता. हलकासा टेकलेला, जणू तो तिथलाच.

गाडी न चालवणाऱ्यांसाठी सांगते, डावा पाय असतो क्लचसाठी, ब्रेक दाबायचा तो उजव्यानं. हे अप्पांनीच मला शिकवलं होतं. डावा ब्रेकवर असला तर थांबताना क्लच कोण दाबणार? गाडी धक्का खाणार आणि बंद पडणार. ब्रेकचं पॅड घासून करपणार. आणि मागचे दिवे रस्ताभर पेटून संपणार. सहा महिन्यांचं सगळं मला त्या पायात एका दमात दिसलं. माझी नजर कुठे आहे हे पाहून अप्पांनीही खाली पाहिलं आणि घाईघाईनं तो पाय काढून घेतला, चोरी पकडल्यासारखा.

"हे काय आहे, अप्पा?"

"काय न्हाय. सवय लागली."

"उजव्यानं दाबून दाखवा."

त्यांनी खाली बघितलं. "खाली बघू नका," मी म्हटलं. "रस्त्यावर खाली बघता का?" माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. मी पुन्हा गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले.

"दाबलाय," अप्पांचा आवाज आला. "लागला का गं?"

दिवे काळे होते. मला वाटलं, मस्करी करतायत. मग त्यांचा खांदा दिसला, जोर लावल्यानं ताठ झालेला. ते जिवाच्या आकांतानं गाडीची जमीन दाबत होते.

"नाही."

"आता?"

या वेळी पुढून काहीतरी करकरलं. पॅडल तळाला टेकल्याचा आवाज आला. दिवे काळेच. तो एक्सिलरेटर होता.

मी डिकीला धरून उभी राहिले. इंजिन बंद होतं म्हणून गाडी जागच्या जागी होती, एवढंच. नाहीतर आमच्या गेटासमोरच्या रस्त्यावर त्या वेळी शेजारच्या पद्मशाली काकू वाळलेले पापड उचलत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे चार-पाच पोरं खेळत होती.

अप्पांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि ते समोर बघत बोलायला लागले. पाय गेल्या पावसाळ्यापासूनच गेलाय. आहे तिथं आहे, पण कुठं आहे ते कळत नाही. एकदा शाळेच्या फाटकासमोर पोरी रस्ता ओलांडत होत्या, आणि ब्रेक सापडलाच नाही. हातब्रेक ओढला म्हणून गाडी थांबली. "दोन हात राहिलं हुतं," ते म्हणाले. "तवापास्नं डावा ठिवतो. डाव्याला कळतंय अजून. उजव्याचा भरवसा न्हाय."

मला एवढा राग आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. सहा महिने! रोज, माझी मुलगी शेजारी बसलेली असताना! आणि मी मूर्ख, नवे नवे बल्ब आणून त्याला झाकण घालत होते. मिस्त्रीला शिव्या घालून आले होते. मी ओरडले, "एका शब्दानं सांगितलं का नाही मला? एका शब्दानं?"

अप्पांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं असतं, तर तू तिला माज्यासंगं सोडली असतीस व्हय?"

"नसती सोडली."

"त्येच की," ते म्हणाले.

तेवढ्यात मुलगी आतून पळत आली. नवा फ्रॉक, हातात मैत्रिणीसाठी कागदात गुंडाळलेला रंगांचा डबा. ती पलीकडून दार उघडून सरळ पुढच्या सीटवर बसली आणि सवयीनं पट्टा ओढायला लागली. "चला आजोबा, उशीर झाला."

"उतर खाली," मी म्हणाले. एवढ्या जोरात, की तिचा हात पट्ट्यावरच थांबला. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तिचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. अप्पांनी किल्ली काढली आणि तिच्या मांडीवरच्या डब्यावर ठेवली.

"उतर बाळ," ते म्हणाले. "आजोबाला ब्रेक सापडंना झालाय."

ती खुदकन हसली. तिला वाटलं, खेळच आहे. पट्टा सोडून ती खाली वाकली, त्यांच्या गुडघ्यापलीकडे हात लांबवला आणि मधल्या पॅडलवर बोट ठेवलं.

"हा काय आजोबा! इथंच तर आहे."